गुपित फक्त मतदारापासून

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनी मुंबई हायकोर्टात एक परवानगी मागायला गेली. कंपनी कोणत्या कामासाठी आहे आणि तिला काय काय करता येतं, हे तिच्या स्थापनेच्या दस्तऐवजात लिहिलेलं असतं. त्यात कंपनीला एक कलम वाढवून हवं होतं: राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभा. अशा बदलाला तेव्हा कोर्टाची मान्यता लागायची. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण अपिलात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आलं.

छागलांनी परवानगी दिली. द्यावीच लागली, कारण अशी देणगी कोणत्याही कायद्याने निषिद्ध नव्हती आणि भागधारकांचं बहुमत कंपनीच्या बाजूने होतं. पण निकालपत्रात त्यांनी आपली अस्वस्थता लपवली नाही. आपली लोकशाही अजून पाळण्यात आहे, कंपन्यांच्या पैशाची ही वाट मोकळी राहिली तर धोका वाढत जाईल आणि एक दिवस लोकशाहीचा गळाच आवळला जाईल, संसदेने यात लक्ष घालावं, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला. (हेच छागला काही महिन्यांनी मुंदडा प्रकरणाच्या चौकशीला बसले. सरकारी आयुर्विमा महामंडळाने एका उद्योगपतीच्या डळमळत्या कंपन्यांत पैसा का ओतला, याची ती चौकशी. त्यांनी ती खुलेआम चालवली आणि अखेर देशाच्या अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.)

कंपन्यांची ताकद वाढली, लोकशाही धोक्यात आली, असं आपण सारखं ऐकतो. म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. म्हणून एकच धागा धरू या: कंपनीकडून पक्षाकडे जाणारा पैसा.

कायद्याच्या नजरेत कंपनी ही एक व्यक्ती असते. ती जमीन घेऊ शकते, कर्ज काढू शकते, तुमच्यावर दावा लावू शकते. माणसासारखं तिला मरण नसतं, मालक बदलले तरी ती चालू राहते. फक्त एक गोष्ट तिच्याकडे नसते: मत. मतदार यादीत टाटा, रिलायन्स, अदानी ही कंपन्यांची नावं तुम्हाला सापडणार नाहीत. मतदानाच्या दिवशी मलबार हिलवरच्या बंगल्याचं आणि धारावीतल्या खोलीचं वजन सारखंच भरतं. पण मतदानाचा दिवस पाच वर्षांतून एकदा येतो. मधल्या दिवसांत पक्षाला गाड्या, सभा, जाहिराती, सर्वेक्षणं, सोशल मीडियाची पथकं, कार्यकर्त्यांचा चहा-वडापाव आणि हेलिकॉप्टर लागतं. ते मतांवर चालत नाही.

लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो. गोव्यात हेच आकडे ७५ लाख आणि २८ लाख आहेत. हे आकडे वाचून कुठल्याही गावातला कार्यकर्ता हसेल, ते सोडा. खरी मेख पुढे आहे. ही मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्षाने आपल्या प्रचारावर किती उधळावेत याला कायद्यात कमाल आकडाच नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की, पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच खात्यात धरायला हवा. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला. नळ उघडा ठेवायचा आणि बादलीवर खूण करायची, असा तो प्रकार.

कंपन्यांच्या देणग्यांबाबत कायदा मात्र सतत कूस बदलत राहिला. १९६० मध्ये मर्यादा आली: सरासरी नफ्याच्या ५ टक्के किंवा २५ हजार रुपये, यातली जी रक्कम जास्त असेल ती. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. ऐकायला छान वाटतं. पण पैसा थांबला नाही, त्याने कपडे बदलले. पक्ष स्मरणिका काढू लागले आणि कंपन्या त्यात पानपानभर जाहिराती देऊ लागल्या. अधिवेशनाची स्मरणिका कोण वाचतो? पण जाहिरातीचा खर्च हिशेबात बसतो. उरलेला पैसा ब्रीफकेसमधून जाऊ लागला, आणि त्याची तर पावतीही नव्हती. १९८५ मध्ये बंदी उठली, ५ टक्क्यांची मर्यादा परत आली. २००३ मध्ये अशा देणगीला आयकरात पूर्ण सूट मिळाली. या सुटीचा अर्थ थोडा थांबून लक्षात घ्यावा असा आहे. कंपनीने पक्षाला दिलेले १०० रुपये तिच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. कर २५ टक्के धरला, तर त्यातले २५ रुपये सरकारी तिजोरीत आले असते ते येत नाहीत. म्हणजे देणगी कंपनीची, पण तिला हातभार तुमचा-माझा.

२०१३ च्या नव्या कंपनी कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली. त्यातलं कलम १८२ नीट समजलं की पुढचं सगळं समजतं, म्हणून ते जरा घरगुती भाषेत सांगतो.

मी कॉलेजात असताना आमच्या गणेश मंडळाचं पावतीपुस्तक माझ्याकडे असायचं. वर्गणीचे दोन अलिखित नियम होते. एक, ज्याची जेवढी ऐपत तेवढीच मागायची, उगाच कुणाच्या चुलीवर हात टाकायचा नाही. दोन, ५१ रुपये दिले तरी नाव फळ्यावर लागणार आणि ५,००१ दिले तरी फळ्यावरच. दुसरा नियम नीट पाळला जायचा, कारण गल्लीला एवढंच बघायचं असतं की कोपऱ्यावरच्या बिल्डरने किती दिले आणि मग मांडव त्याच्या गेटसमोरून का सरकला.

कलम १८२ मध्ये हेच दोन नियम होते. पहिला ऐपतीचा: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांहून जास्त देता येणार नाही. कंपनीला निदान तीन वर्षं झालेली हवीत, आणि जिला नफाच नाही ती देणार कशातून? दुसरा फळ्याचा: कोणत्या पक्षाला किती दिले हे नफा-तोटा पत्रकात लिहायचं.

२०१७ मध्ये साडेसात टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाचं नाव लिहिण्याची सक्ती, दोन्ही एकाच वेळी निघाले.

त्या वर्षी १ फेब्रुवारीला अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पात निवडणूक रोख्यांची घोषणा केली. राजकारणातला काळा पैसा घालवायचा, देणगी बँकेतून यावी, असं कारण दिलं. रोख देणगीवर २ हजारांची मर्यादाही घातली. हे कारण अगदीच खोटं होतं असं मला वाटत नाही. ब्रीफकेसपेक्षा बँक बरीच. पण साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकण्याची गोष्ट मूळ वित्त विधेयकात नव्हती. ती मार्चमध्ये, विधेयक संमत होताना, सरकारी दुरुस्तीतून आली. सगळं धन विधेयकाच्या पोटात घातल्यामुळे राज्यसभेला त्यावर अडून बसता आलं नाही. रिझर्व्ह बँकेने आधीच नाराजी कळवली होती. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये कायदा मंत्रालयाला पत्र लिहून, पारदर्शकतेच्या दृष्टीने हे पाऊल मागे नेणारं आहे, असं स्पष्ट म्हटलं.

योजना जानेवारी २०१८ पासून लागू झाली. स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखांत जायचं, ओळखपत्रं द्यायची, खात्यातून पैसे भरायचे आणि रोखा घ्यायचा. रोखे पाच रकमांचे: १ हजार, १० हजार, १ लाख, १० लाख आणि १ कोटी. त्यावर घेणाऱ्याचं नाव नाही. तो पक्षाच्या हातात द्यायचा, पक्षाने १५ दिवसांत आपल्या खात्यात वटवायचा. विक्री झालेल्या रकमेपैकी ९० टक्क्यांहून जास्त रक्कम १ कोटीच्या रोख्यांची होती, म्हणजे सामान्य माणसाने हजाराचा रोखा घेऊन आवडत्या पक्षाला द्यावा वगैरे कल्पना कागदावरच राहिल्या. महाराष्ट्रात १ लाखाला पेटी आणि १ कोटीला खोका म्हणतात. स्टेट बँकेने खोके अधिकृतपणे विकले, एवढंच.

देणाऱ्याचं नाव गुप्त राहावं, नाहीतर दुसरा पक्ष सत्तेवर आल्यावर त्याच्यावर सूड उगवेल, असा सरकारचा युक्तिवाद होता. तर मग विचारू या, हे गुपित नेमकं कुणापासून? देणाऱ्याला माहीत, आपण कुणाला दिलं. घेणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत, कारण कोट्यवधींची भेट देऊन ‘ओळखा पाहू’ कुणी खेळत नाही. स्टेट बँकेकडे खरेदीची नोंद आणि वटवल्याची नोंद, दोन्ही. शिवाय प्रत्येक रोख्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशात उमटणारा क्रमांक होता. २०१८ मध्येच एका पत्रकाराने तपासणी करून घेऊन तो उघड केला. सरकारने म्हटलं, तो फक्त बनावट रोखे रोखण्यासाठी. असेलही. पण स्टेट बँक सरकारच्या मालकीची, आणि तपास यंत्रणांनी मागितली तर माहिती देण्याची तरतूद योजनेतच होती. विरोधी पक्षाला कोण देतं हे सरकारला कळू शकत होतं, सरकारी पक्षाला कोण देतं हे विरोधकांना कळू शकत नव्हतं. आणि मतदाराला काहीच नाही. काच एकाच बाजूने पारदर्शक होती.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रातला एक विचार माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे. माणूस पक्षाला देणगी देतो त्यात त्याचा विचार, निष्ठा, सहभाग असू शकतो. कंपनी देते तो निव्वळ व्यवहार असतो, परताव्याच्या हिशेबाने केलेला. म्हणून दोघांना एकाच तराजूत घालून कंपनीवरची मर्यादा काढणं मनमानी आहे. दुसरा मुद्दा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा: पक्षाची धोरणं कुणाच्या पैशाच्या सावलीत बनतात हे कळल्याशिवाय तो मत कसं देणार?

मग यादी बाहेर काढायची वेळ आली. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. लोकसभा निवडणूक तोवर आटोपली असती. एका ग्राहकाचं पासबुक क्षणात भरून देणाऱ्या बँकेला तेवढा वेळ का लागावा, हे कोर्टालाही पटलं नाही. ११ मार्चला अर्ज फेटाळला, १२ तारखेला माहिती दिली गेली, आणि २१ मार्चपर्यंत रोख्यांचे क्रमांकही आले. कुणी कुणाला दिले ते जुळवता येऊ लागलं.

योजनेच्या एकूण काळात १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले होते. उघड झालेली यादी एप्रिल २०१९ पासूनची. त्यात भाजपला सुमारे ६,०६० कोटी, म्हणजे त्या यादीतल्या रकमेच्या जवळपास निम्मे. त्यानंतर तृणमूल काँग्रेस सुमारे १,६०९ कोटी, काँग्रेस १,४२१ कोटी, भारत राष्ट्र समिती १,२१४ कोटी. शिवसेना आणि राष्ट्रवादीही यादीत होत्या. माकपने रोखे नाकारले होते आणि तो कोर्टातही गेला होता. यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लगेच दिसते: पैशाला विचारधारा नसते, त्याला खुर्ची कळते. तृणमूल बंगालमध्ये, भारत राष्ट्र समिती तेव्हा तेलंगणात, बिजू जनता दल तेव्हा ओडिशात. जिथे टेंडर निघतं तिथे देणगी पोचते. सर्वांत मोठी देणगीदार, कोइम्बतूरची लॉटरीवाली फ्यूचर गेमिंग. १,३६८ कोटींचे रोखे, आणि त्यातला मोठा वाटा तृणमूल आणि द्रमुकला.

ऐपतीचा नियम गेल्याने काय झालं, याचं उदाहरण शोधायला दूर जायला नको. नवी मुंबईचा पत्ता असलेली क्विक सप्लाय चेन ही फारशी कुणाला माहीत नसलेली कंपनी ४१० कोटींचे रोखे घेऊन देणगीदारांत तिसरी आली. २०२१-२२ मध्ये तिचा निव्वळ नफा २२ कोटींच्या आत होता आणि त्याच वर्षी तिने ३६० कोटींचे रोखे घेतले. तीन वर्षांची सरासरी तेवढीच धरली, तर जुन्या नियमाने तिला दीड-पावणेदोन कोटी देता आले असते. वर्षाला २२ रुपये शिल्लक पडणारा माणूस ३६० रुपये वर्गणी देतो, तेव्हा मंडळातला कुणीही पहिला प्रश्न विचारेल: हे पैसे खरे कुणाचे? कलम १८२ चा पहिला नियम हाच प्रश्न टाळण्यासाठी होता.

इथे एक सावधगिरी. यादी आल्यावर समाजमाध्यमांवर तारखांचा खेळ सुरू झाला. मेघा इंजिनिअरिंग या हैदराबादच्या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये १४० कोटींचे रोखे घेतले, आणि महिन्याभरात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं सुमारे १४,४०० कोटींचं काम तिला मिळालं. अरबिंदो फार्माच्या एका संचालकाला १० नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या मद्य धोरण प्रकरणात ईडीने अटक केली. १५ नोव्हेंबरला कंपनीने ५ कोटींचे रोखे घेतले, ते भाजपने वटवले. पुढच्या वर्षी ते संचालक माफीचे साक्षीदार झाले. दोन तारखा शेजारी आल्या म्हणजे गुन्हा सिद्ध होत नाही. याच अरबिंदोने आधी इतर पक्षांनाही दिले होते. विशेष तपास पथक नेमा, ही मागणी सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळली आणि ज्याला तक्रार आहे त्याने नेहमीच्या कायदेशीर मार्गाने जावं असं सांगितलं. म्हणजे तारखा तशाच शेजारी शेजारी पडून आहेत, तपास न होता.

पण या दोन उदाहरणांत एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पहिल्यात संशय लाचेचा, दुसऱ्यात हप्त्याचा. कंपन्यांची सत्ता म्हटलं की उद्योगपती मंत्र्यांना खिशात घालून फिरतो असं चित्र डोळ्यांपुढे येतं. तेवढं सोपं नाही. सत्तेकडे परवाने आहेत, जमिनी आहेत, कंत्राटं आहेत, छापे आहेत. कधी कंपनी पैसे देऊन दार उघडून घेते, कधी दारावर थाप पडू नये म्हणून देते. कोण कुणाच्या मुठीत आहे हे त्या दोघांनाच ठाऊक. आपल्यासाठी परिणाम एकच. ज्या धोरणावर विधानसभेत वाद व्हायला हवा त्याचा सौदा आधीच कुठेतरी झालेला असतो. ज्या पक्षाकडे खुर्ची नाही त्याच्याकडे पैसा जात नाही, म्हणून त्याला खुर्ची मिळणं आणखी अवघड होतं. आणि तिकीटवाटपात मेहनती कार्यकर्त्यापेक्षा स्वतःची सोय स्वतः करू शकणारा पुढे जातो. तालुक्यातला बांधकाम ठेकेदार आमदार का होतो, याचं उत्तर दिल्लीच्या याच नियमांत आहे.

आणि हो, नियम वाकवायच्या वेळी पक्षांचं किती एकमत होतं ते पाहा. मार्च २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने काँग्रेस आणि भाजप दोघांनाही परदेशी देणग्यांच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल दोषी धरलं. लंडनच्या वेदांताच्या भारतीय कंपन्यांनी, ज्यात आपली सेसा गोवाही होती, दिलेल्या पैशांचं ते प्रकरण. मग २०१६ आणि २०१८ मध्ये ‘परदेशी’ची व्याख्याच बदलली, आणि तीही ऑगस्ट १९७६ पासून मागे जाऊन. चाळीस वर्षांपूर्वीची पावती आजच्या तारखेने कोरी करून मिळाली. संसदेत याच्यावर कुणी खुर्च्या फेकल्या नाहीत.

रोखे गेले. साडेसात टक्के परत आले, फळाही परत आला. पैसा मात्र परत एकदा कपडे बदलून आला. आता तो इलेक्टोरल ट्रस्टमधून येतो. ही कल्पना टाटा समूहाने १९९६ मध्ये पहिल्यांदा अमलात आणली, आणि २०१३ मध्ये सरकारने तिचे नियम केले. ट्रस्टने वर्षभरात मिळालेल्या पैशातले किमान ९५ टक्के पक्षांना वाटायचे आणि निवडणूक आयोगाला हिशेब द्यायचा. २०२४-२५ मध्ये ट्रस्टांनी ३,८०० कोटींहून जास्त वाटले, त्यातले ८० टक्क्यांहून जास्त भाजपला. रोख्यांपेक्षा ही पद्धत नक्कीच उजवी, कारण ट्रस्टला कुणी दिले आणि ट्रस्टने कुणाला दिले, या दोन्ही याद्या जाहीर असतात. पण दोन वेगळ्या याद्या. अनेक कंपन्यांचा पैसा एका घंगाळ्यात पडतो आणि तिथून वाटला जातो. कुणाचा तांब्या कुणाकडे गेला, ते कळत नाही.

माझ्याकडे एका मोठ्या कंपनीचे थोडे शेअर आहेत, वडिलांनी घेतलेले. परवा तिचा वार्षिक अहवाल उघडून बसलो. तीनशेहून जास्त पानं. शेवटाकडच्या टिपांमध्ये, बारीक अक्षरात, ‘इतर खर्च’च्या खाली एक ओळ सापडली. समोर एका ट्रस्टचं नाव आणि कोटींतली रक्कम. पक्षाचं नाव असायला हवं तिथे पुढचीच ओळ होती: छपाई आणि टपालखर्च.